विकायचे काय, राखायचे काय

१९८२ च्या डिसेंबरमध्ये टोरंटोच्या एका न्यायाधीशांपुढे लाल रिबिनींचा खटला आला. शहराच्या मध्यभागी ईटन सेंटर नावाचा मोठा मॉल आहे. त्याच्या काचेच्या कमानदार छताखाली साठ कलहंसांचा थवा तारांनी टांगलेला आहे. पक्षी फायबरग्लासचे, अंगावर खऱ्या कलहंसाची छायाचित्रे चढवलेली. मायकेल स्नो यांनी १९७९ मध्ये केलेल्या या शिल्पाचे नाव ‘फ्लाइट स्टॉप’. नाताळ आला तशी मॉलने सजावट केली आणि तिच्या ओघात कलहंसांच्या गळ्यातही लाल रिबिनी बांधल्या. स्नो यांना ते मुळीच रुचले नाही. आपल्या कामाचे हसे झाले आहे, व्हीनस दि मायलोच्या कानांत डूल अडकवावेत तसा हा प्रकार आहे, असे सांगत ते न्यायालयात गेले.

मॉलची बाजू व्यवहाराला धरून होती. शिल्प आम्ही सांगून करवून घेतले, पैसे मोजले, ते आमच्या छताला टांगलेले आहे. चार दिवस रिबीन बांधली तर बिघडले काय? रिबिनी सोडल्या की पक्षी पुन्हा होते तसे. यात नुकसान झाले ते कोणाचे आणि कशाचे?

न्यायमूर्ती ओब्रायन यांनी निकाल स्नो यांच्या बाजूने दिला आणि रिबिनी काढायला लावल्या. कॅनडातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. त्याचे महत्त्व रिबिनींपुरते नाही. कलावंताची सचोटी आणि कलेचा बाजार यांच्याविषयी आपण जे ठोकळेबाज बोलतो, त्यातला घोटाळा या खटल्यात नेमका दिसतो. आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे असतात. एक, उपाशी राहून तत्त्व न सोडणारा कलावंत, आणि दुसरा, पैशासाठी वाटेल ते करून देणारा. स्नो या दोन्हींत बसत नाहीत. ‘वेव्हलेंग्थ’ या १९६७ च्या प्रायोगिक चित्रपटामुळे ते जगभर नावाजले गेले होते, जॅझ पियानो वाजवत, प्रेक्षकांची फारशी पर्वा न करता प्रयोग करत. तरीही त्यांनी मॉलचे काम घेतले, खरेदीला आलेल्या गर्दीच्या डोक्यावर टांगण्यासाठी शिल्प केले आणि त्याचे पैसे घेतले. बाजारात उतरण्याला त्यांचा विरोध नव्हताच. विकलेल्या वस्तूबरोबर काय विकले गेले आणि काय विकले गेले नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

ही रेघ कोण आखतो, कशाच्या आधारावर आखतो आणि ती पुसली जाऊ नये म्हणून काय करावे लागते, हे समजून घ्यायला कॅनडासारखा देश सापडणे कठीण. गेल्या शंभर वर्षांत तिथे ही रेघ अनेकदा आखली गेली, ओलांडली गेली आणि न्यायालयात मोजलीही गेली.

चित्र तुमचे, नाव माझे

स्नो जिंकले ते ‘नैतिक हक्क’ या कल्पनेच्या जोरावर. कॉपीराइटच्या कायद्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. एक आर्थिक हक्क. चित्राच्या प्रती काढण्याचा, छापण्याचा, त्यातून पैसे मिळवण्याचा हा हक्क विकता येतो. दुसरा नैतिक हक्क. कृतीवर कर्ता म्हणून आपले नाव असावे आणि आपल्या मानाला किंवा लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड कोणी करू नये, एवढाच त्याचा आवाका. ही कल्पना फ्रान्सकडून आली. १९२८ च्या रोम परिषदेत ती बर्न करारात शिरली आणि कॅनडाने १९३१ मध्ये ती आपल्या कायद्यात घेतली. मात्र तिची खरी कसोटी लागायला अर्धे शतक जावे लागले.

न्यायमूर्तींपुढचा पेच असा होता की मानाला धक्का लागला की नाही हे ठरवायचे कोणी? मॉलमधल्या ग्राहकाला विचारावे तर तो म्हणेल, रिबिनी छान दिसतात. न्यायालयाने धरलेले सूत्र महत्त्वाचे आहे. आपल्या लौकिकाला बाधा आली की नाही, याबद्दल कलावंताच्या स्वतःच्या मताला वजन आहे, फक्त ते मत वाजवी असले पाहिजे. स्नो यांच्या म्हणण्याला कलाक्षेत्रातल्या जाणकारांचाही दुजोरा होता. म्हणजे लहरीपणाला वाव नाही, पण मालकाच्या आवडीलाही शेवटचा शब्द नाही.

१९८८ मध्ये कॅनडाने कायदा आणखी कडक केला. चित्र, शिल्प आणि मुद्राचित्र यांच्या बाबतीत मोडतोड किंवा फेरफार झाला म्हणजे लौकिकाला बाधा आली असेच धरले जाईल, वेगळा पुरावा लागणार नाही. पण त्याच दुरुस्तीत एक दार उघडे राहिले. नैतिक हक्क दुसऱ्याला विकता येत नाही, तरी कलावंत करारात लिहून तो सोडून देऊ शकतो. जिथे काम देणारा बलवान आणि काम घेणारा गरजू, तिथे असे कलम करारात आधीच छापलेले असते. बाजाराचा दबाव पुष्कळदा धमकीच्या रूपाने येत नाही. सही करायच्या कागदावर, अकराव्या किंवा बाराव्या कलमात, बारीक अक्षरांत तो मुकाट बसलेला असतो.

कायदा कुठवर पुरतो हे क्वेबेकच्या क्लोद तेबेर्ज यांच्या खटल्याने दाखवले. आपल्या चित्रांची कागदी पोस्टर छापायला त्यांनी परवानगी दिली होती. काही गॅलऱ्यांनी ती पोस्टर रीतसर विकत घेतली आणि रसायनांच्या साहाय्याने कागदावरची शाई उचलून कॅनव्हासवर बसवली. कागद कोरा झाला आणि स्वस्त पोस्टरचे भारदस्त ‘चित्र’ झाले. तेबेर्ज यांनी हरकत घेतली. २००२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. बहुमताचे म्हणणे असे की एका पोस्टरचे एकच चित्र झाले, संख्या वाढली नाही, म्हणून ही नक्कल नव्हे. विकत घेतलेल्या वस्तूचे काय करायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे. तेबेर्ज यांची खरी तक्रार मानाची होती, पण ती त्यांनी पैशाच्या हक्काच्या वेषात मांडली, असेही न्यायालयाने सुचवले. तीन न्यायाधीशांना मात्र नव्या पृष्ठभागावर चित्र उतरवणे ही नक्कलच वाटली. सर्वोच्च न्यायालय असे जवळजवळ अर्धे-अर्धे विभागले जाते, तेव्हा प्रश्न खरोखर अवघड आहे हे ओळखावे.

आपल्याकडेही हा कायदा आहे आणि त्याचा गाजलेला खटला आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलावंताला हेच संरक्षण देते. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांनी कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये इमारतीच्या डागडुजीत ते उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याचे तुकडे झाले. सेहगल १९९२ मध्ये न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. इथे मॉलही नव्हता आणि दलालही नव्हता. कलाकृती पैसे देऊन घेतली की ती फर्निचरच्या यादीत जमा होते, ही समजूत सरकारी खात्यातही तितकीच घट्ट असते.

स्वातंत्र्याचे भाडे कोण भरतो

कायदा तयार कृतीचे रक्षण करतो. कृती होण्याआधीच जो दबाव पडतो, त्याचे काय? रोजचे पोट भरायचे आहे, भाडे द्यायचे आहे, आणि आपल्याला जे काढायचे आहे ते कोणी मागत नाही. या प्रश्नाचे उत्तर कॅनडाच्या सर्वांत लाडक्या चित्रकारांच्या चरित्रात आहे, फक्त ते तसे सांगितले जात नाही.

‘ग्रुप ऑफ सेव्हन’ हा १९२० मध्ये स्थापन झालेला चित्रकारांचा गट. उत्तरेकडची सरोवरे, वाऱ्याने वाकलेले पाइन वृक्ष, ओसाड खडक यांची त्यांनी काढलेली चित्रे आज शाळेच्या भिंतीपासून टपाल तिकिटापर्यंत सगळीकडे आहेत. त्यांची गोष्ट रानात तंबू ठोकून चित्रे काढणाऱ्या धाडसी पुरुषांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण त्यांच्यापैकी मॅकडॉनल्ड, लिस्मर, व्हार्ली, कारमायकेल, जॉन्स्टन आणि गटाचा प्रेरणास्रोत असलेला टॉम थॉमसन हे सगळे टोरंटोच्या ग्रिप लिमिटेड या कंपनीत जाहिराती आणि छपाईच्या आरेखनाची नोकरी करत. आठवडाभर जाहिरातीच्या चौकटी, सुटीत उत्तरेकडची वाट. त्या नोकरीने त्यांचा हात बिघडला नाही. सपाट रंग, ठाम बाह्यरेषा, दुरून ओळखू येणारी रचना ही त्यांच्या निसर्गचित्रांची वैशिष्ट्ये त्या कामाशी नाते सांगतात.

गटातला लॉरेन हॅरिस शेतीच्या अवजारांची मोठी कंपनी असलेल्या मॅसी-हॅरिस घराण्याचा वारस होता. त्याने आणि डॉ. जेम्स मॅक्कलम या नेत्रवैद्याने मिळून १९१४ मध्ये टोरंटोत चित्रकारांसाठी ‘स्टुडिओ बिल्डिंग’ ही इमारत उभारली. मॅक्कलम यांनी ए. वाय. जॅक्सन आणि थॉमसन यांना वर्षभराचा खर्च देऊ केला, अट एकच, पूर्ण वेळ चित्रे काढायची. थॉमसन पुढे इमारतीमागच्या झोपडीत राहू लागला, महिना एक डॉलर भाड्याने. १९१७ च्या जुलैत ॲल्गॉन्क्विन उद्यानातल्या कॅनू लेकवर तो मरण पावला. त्याची मोठी चित्रे याच तीन-चार वर्षांतली आहेत. प्रत्येक निर्भय चित्रामागे कोणीतरी भाडे भरलेले असते. कधी नोकरी ते भरते, कधी बापाची कंपनी, कधी मित्र असलेला डॉक्टर. बंडखोरीच्या कथेतून हा तपशील वगळला की गरीब कलावंतावर अन्याय होतो. त्याची तडजोड ही त्याच्या स्वभावातली खोट वाटू लागते आणि श्रीमंताचे धैर्य हा त्याचा गुण.

एमिली कार यांना हे भाडे स्वतःच भरावे लागले. ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी गावांतले कोरीव खांब आणि तिथली घनदाट अरण्ये रंगवणाऱ्या या बाईंना गिऱ्हाईक मिळेना. १९१३ पासून त्यांनी व्हिक्टोरियात भाडेकरू ठेवून घर चालवले, कुत्री पाळून विकली आणि पर्यटकांसाठी मातीची भांडी केली. भांड्यांवर त्या आदिवासींची चिन्हे रंगवत, कारण ती खपत. हे आपण बरे केले नाही, ती चिन्हे भांड्यांसाठी नव्हती, अशी टोचणी त्यांनी पुढे आपल्या लेखनात स्वतःच नोंदवून ठेवली आहे. जवळजवळ पंधरा वर्षे त्यांचे चित्र काढणे नावापुरते उरले होते. १९२७ मध्ये ओटावाच्या नॅशनल गॅलरीने त्यांची चित्रे एका मोठ्या प्रदर्शनात मांडली आणि त्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर, त्यांचे सर्वोत्तम काम झाले.

नोव्हा स्कोशियाच्या मॉड लुईस यांच्यापुढे तर तत्त्व की बाजार असा प्रश्न कधी उभा राहिलाच नसावा. संधिवाताने वाकडी झालेली बोटे, एका खोलीचे घर, रस्त्याकडेला पाटी. त्या चित्र दोन-तीन डॉलरला विकत, पुढेपुढे पाच-दहाला. बैलांची जोडी, मांजरे, बर्फातली घसरगाडी हे विषय त्यांनी असंख्य वेळा काढले, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे असे. समीक्षकाच्या पट्टीने मोजले तर ही पुनरावृत्ती म्हणजे बाजारापुढे मान तुकवणे. पण त्या चित्रांत सावल्या नाहीत, हिवाळ्यातही फुले आहेत, रंग उजळ आणि निर्धास्त आहेत. विषय गिऱ्हाइकाने ठरवला, नजर ठरवली नाही. १९७० मध्ये त्या गेल्या. १९७० च्या दशकात ओंटॅरिओतल्या एका उपाहारगृहाच्या मालकांना एका गिऱ्हाइकाने चीज सँडविचच्या बदल्यात त्यांचे एक काळ्या ट्रकचे चित्र दिले होते. २०२२ मध्ये लिलावात त्याला साडेतीन लाख डॉलर आले. त्या रकमेतले काहीही लुईस यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. त्या असत्या तरी पोहोचले नसते. का, ते पुढे येईल.

बाजारातूनच जन्मलेली कला

कला आधी शुद्ध असते आणि मग बाजार तिला बिघडवतो, या समजुतीला कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इनुइट कलेचा इतिहास पार उलथवून टाकतो. इनुइट लोक हाडावर आणि हस्तिदंतावर कोरीव काम पूर्वीपासून करत. पण आज संग्रहालयांत दिसणारी इनुइट शिल्पे आणि छापचित्रे हा विसाव्या शतकाच्या मध्यावरचा, विकण्यासाठी सुरू झालेला उद्योग आहे. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले होते आणि शिकारीवर जगणाऱ्या वस्त्यांची दैना झाली होती. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराकाठच्या इनुक्जुआकला पोहोचला आणि तिथली छोटी शिल्पे घेऊन परतला. १९४९ मध्ये माँट्रियलला कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने भरवलेल्या विक्रीत सगळा माल तीन दिवसांत संपला.

मग अपेक्षित तेच झाले. शहरी गिऱ्हाइकाला काय आवडेल हे कारागिरांना कळावे म्हणून १९५१ मध्ये चित्रांसह एक पुस्तिका काढून वस्त्यांमध्ये वाटली गेली. कारागीर तिच्यातले नमुने पाहून तशाच वस्तू करू लागले. टीका झाली आणि पुस्तिका मागे घ्यावी लागली. बाजाराने कलेचा साचा पाडण्याची इतकी उघड उदाहरणे थोडीच असतील.

पण गोष्ट इथे थांबली नाही. १९५८ च्या अखेरीस ह्यूस्टन जपानला गेला आणि उनिची हिरात्सुका या मुद्राचित्रकाराकडे लाकडी ठशांची छपाई शिकून आला. १९५९ मध्ये केप डोर्सेट येथे, म्हणजे आजच्या किनगाइटमध्ये, इनुइटांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि छापचित्रांचा पहिला वार्षिक संग्रह निघाला. व्यवस्था अशी की रेखाटन संस्था ताबडतोब पैसे देऊन विकत घेते. त्यातली काही निवडून दगडावर कोरली जातात. छापणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचेही नाव नोंदले जाते. एका चित्राच्या साधारण पन्नास प्रती निघाल्या की दगडावरचे चित्र नष्ट करतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला सहकाराचे गुणदोष वेगळे सांगायला नकोत. इथे त्याचा गुण असा की कलावंताला दलालाच्या दारात एकट्याने उभे राहावे लागत नाही. पडलेला भाव सगळ्यांनी मिळून सोसायचा आणि आलेला फायदा गावात राहायचा. अस्सल हातकामाची खूण म्हणून १९५८ पासून इग्लूचे चित्र असलेली चिठ्ठीही सुरू झाली, कारण दक्षिणेत यंत्रावर ओतलेले नकली ‘एस्किमो’ पुतळे तोवर दुकानांत आले होते.

या रचनेतून केनोजुआक अशेवाक यांच्यासारखी कलावंत पुढे आली. ‘एन्चांटेड आउल’ हे त्यांच्या घुबडाचे १९६० मधले छापचित्र कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकले आणि त्याची एक प्रत २०१८ मध्ये दोन लाख सोळा हजार डॉलरला विकली गेली. घुबडे खपतात हे सिद्ध झाले की घुबडांची मागणी वाढते. गिऱ्हाइकाच्या मनातली उत्तर म्हणजे अस्वले, सील, बर्फाची घरे, पिसे फुलवलेले पक्षी. तिथल्या घरांत मात्र एव्हाना टीव्ही, स्नोमोबिल आणि पाकिटबंद खाणे येऊन पोहोचले होते.

ॲनी पुतूगूक यांनी हे घर काढले. त्यांची आजी पिट्सिओलाक अशूना आणि आई नापाची पुतूगूक याही किनगाइटच्या नामवंत कलावंत. तिसऱ्या पिढीच्या ॲनी यांनी १९९७ मध्ये संस्थेसाठी रेखाटने सुरू केली. टीव्हीसमोर बसलेले कुटुंब, स्वयंपाकघरातले घड्याळ, दारूच्या बाटल्या, नवऱ्याची मारहाण, सगळे साध्या रंगीत पेन्सिलीने. घराच्या दिवाणखान्यात लावायला हे कोण घेणार, असा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याला पडला असता. संस्थेने रेखाटने घेणे थांबवले नाही, हे श्रेय तिचे. २००६ मध्ये टोरंटोच्या पॉवर प्लांट या कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, त्याच वर्षी त्यांना पन्नास हजार डॉलरचा सोबी पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांचे काम गेले. इनुइट कला म्हणजे काय, याची व्याख्या एका बाईच्या रंगीत पेन्सिलीने बदलली.

पुढचा भाग क्लेशदायक आहे. ॲनी दक्षिणेला ओटावात आल्या. गावातली संस्था, नातलग, रोजची बैठक मागे राहिली. व्यसन आणि बेघरपण यांत त्या रस्त्यावर बसून मिळेल त्या किमतीला रेखाटने विकत. २०१६ मध्ये रिडो नदीत त्यांचा मृतदेह सापडला. त्यांचा हात तोच होता आणि नजरही तीच. पायाखालची व्यवस्था तेवढी उरली नव्हती. कलावंताची सचोटी हा केवळ त्याच्या छातीतल्या बळाचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण समोर ठेवावे.

नावाची चोरी

बाजार कलावंताला वाकवतो, तसा कधी कलावंताशिवायच त्याची चित्रे तयार करतो. नॉर्व्हाल मॉरिसो हे अनिशिनाबे समाजातले चित्रकार. आजोबांकडून ऐकलेल्या पुराणकथा त्यांनी ठसठशीत काळ्या रेषांत आणि भडक रंगांत मांडल्या आणि त्यातून ‘वुडलँड’ नावाची शैली रूढ झाली. १९६२ मध्ये टोरंटोच्या पोलॉक गॅलरीत त्यांचे पहिले प्रदर्शन झाले आणि सगळी चित्रे विकली गेली. त्यांच्या समाजातल्या काही वडीलधाऱ्यांना ते आवडले नव्हते. ज्या कथा बाहेर सांगायच्या नसतात त्या याने भिंतीवर टांगून विकायला ठेवल्या, असा आक्षेप होता. विकू नये असे काय आहे हे नेहमी एकट्या कलावंतानेच ठरवायचे असते असे नाही, याची ती आठवण होती.

मॉरिसो यांचे आयुष्य दारू, दारिद्र्य आणि कीर्ती यांत हेलकावत गेले. त्यांनी चित्रे अफाट काढली, मिळेल तिथे विकली, हिशेब ठेवला नाही. बनावटीला याहून सुपीक जमीन नसते. आपल्या नावावर खोटी चित्रे फिरत आहेत, असे ते हयात असतानाच सांगत होते. २००७ मध्ये ते वारले. बेअरनेकेड लेडीज या बँडमधले संगीतकार केव्हिन हर्न यांनी २००५ मध्ये वीस हजार डॉलरला घेतलेले ‘मॉरिसो’ एका संग्रहालयाने शंका आल्याने प्रदर्शनातून उतरवले, तेव्हा हर्न न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले. २०१९ मध्ये ओंटॅरिओच्या अपील न्यायालयाने, चित्र विकणाऱ्या गॅलरीने त्याच्या पूर्वेतिहासाबद्दल खोटी माहिती दिली असे ठरवून त्यांना साठ हजार डॉलर देवविले. मार्च २०२३ मध्ये पोलिसांनी आठ जणांना अटक केली आणि हजाराहून अधिक चित्रे जप्त केली. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रघोटाळ्यांपैकी हा एक असावा, असे तपास करणाऱ्यांचे म्हणणे होते. दोन सूत्रधारांना पुढे प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली.

काम कसे चाले हे कबुलीजबाबातून उघड झाले. एक जण पेन्सिलीने आकृती काढी, प्रत्येक कप्प्यात कोणता रंग भरायचा त्याचे अक्षर लिही, बाकीचे रंग भरत. अवरक्त किरणांखाली तपासताना रंगाखालची ही अक्षरे दिसली आणि बनावट सिद्ध करायला तीच उपयोगी पडली. या कारखान्याला गिऱ्हाईक मिळत राहिले, कारण विकणाऱ्यांना आणि कित्येक घेणाऱ्यांनाही फार प्रश्न विचारायचे नव्हते. एका प्रश्नाने हातातल्या मालाची किंमत शून्य होत असेल, तर बाजार तो प्रश्न विचारत नाही. तोटा मात्र खऱ्या चित्रांनाही झाला. मॉरिसो यांचे अस्सल काम पाहतानाही लोकांच्या मनात आधी संशय येऊ लागला.

मागून घ्यावे लागते

मग कलावंताच्या हाती काय आहे? कॅनडातल्या चित्रकारांनी १९६८ मध्ये याचे उत्तर शोधले. आदल्या वर्षी देशाच्या शताब्दीनिमित्त नॅशनल गॅलरीने चित्रांच्या स्लाइड काढायची ठरवले आणि चित्रकारांची संमती गृहीत धरली, मोबदल्याचे नाव नाही. ओंटॅरिओच्या लंडन शहरातले चित्रकार जॅक चेंबर्स यांनी नकार दिला आणि इतरांना हाक दिली. त्यातून ‘कारफॅक’ ही चित्रकारांची संघटना उभी राहिली. तिचा दावा सरळ होता. प्रदर्शनासाठी चौकट बनवणाऱ्याला पैसे मिळतात, भिंत रंगवणाऱ्याला मिळतात, पहारेकऱ्याला मिळतात. ज्याच्या कामासाठी हे सगळे चालले आहे त्याला केवळ प्रसिद्धी का? १९७० च्या दशकात तिथे प्रदर्शनाचे मानधन देण्याची प्रथा पडली आणि १९८८ मध्ये ती कायद्यात आली. विक्रीसाठी नसलेल्या सार्वजनिक प्रदर्शनात चित्र मांडायचे तर चित्रकाराला मोबदला द्यावा लागतो. किमान दरांबाबत नॅशनल गॅलरीशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये चित्रकार जिंकले.

या मानधनाचा सचोटीशी थेट संबंध आहे. चित्र विकले तरच पैसे मिळणार असतील, तर विकले जाईल असेच चित्र निघेल. दाखवण्याचेही पैसे मिळत असतील, तर कोणी विकत न घेणारे पण पाहण्याजोगे काम करण्याची सोय होते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कॅनडा कौन्सिलच्या शिष्यवृत्त्या आणि कलाकृती विकत घेऊन सरकारी कचेऱ्यांना भाड्याने देणारी १९७२ ची ‘आर्ट बँक’ यांचा हेतूही तोच. सरकारी पैशाबरोबर निवड समित्यांच्या आवडीचा दबाव येतो, हे खरे. पण दोन-तीन वेगवेगळे आश्रयदाते असले की कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

आता मॉड लुईस यांच्या साडेतीन लाखांकडे वळू. चित्र पुन्हा विकले जाते तेव्हा वाढलेल्या किमतीतला वाटा कलावंताला किंवा वारसांना मिळावा, हा पुनर्विक्रीचा हक्क फ्रान्सने १९२० मध्ये दिला आणि पुढे अनेक देशांनी तो घेतला. नैतिक हक्कांत पुढे असलेल्या कॅनडात मात्र ही मागणी दशकानुदशके मागणीच राहिली. कारफॅकने पाच टक्के मागितले आहेत. सर्वाधिक फटका इनुइट कलावंतांना बसतो, कारण पहिली विक्री उत्तरेत स्वस्तात होते आणि किंमत वाढते ती दक्षिणेत.

भारतात हा हक्क कायद्यात आहे, हे किती चित्रकारांना ठाऊक असेल? कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेले ‘५३ अ’ हे कलम सांगते की मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या बरसातीत राहून वर्षाकाठी मोजकी चित्रे करत, कोणाच्या मागणीसाठी वेग वाढवत नसत. २००१ मध्ये ते गेले. २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९.३ कोटी रुपये आले. अशा विक्रमांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. ‘५३ अ’ मात्र व्यवहारात फारसे उतरलेले दिसत नाही.

दोन देशांचे हे उलटसुलट चित्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा असून चालत नाही, तो मागणारी संघटना लागते, आणि संघटना असूनही कायद्यासाठी अर्धे शतक झगडावे लागते. तत्त्वनिष्ठ कलावंतांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो, पण कौतुकाने कोणाचे भाडे भरले जात नाही. जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्या मुलाला पहिले काम मिळेल, तेव्हा त्याने बाजाराकडे पाठ फिरवावी असे सांगण्यात अर्थ नाही. कराराचा कागद शेवटपर्यंत वाचावा, नैतिक हक्क सोडून देणारे कलम दिसले तर ते खोडायला सांगावे, कोणते चित्र कोणाला कधी आणि कितीला दिले याची वही ठेवावी आणि आपल्यासारख्या इतरांबरोबर एखाद्या संघटनेत नाव घालावे. मॉरिसो यांच्याकडे ही वही नव्हती, ओटावातल्या ॲनींकडे ती संघटना उरली नव्हती. मायकेल स्नो यांच्याकडे मात्र कायदा होता आणि तो वापरायची तयारी होती, म्हणून मॉलचे पैसे घेऊनही त्यांना मॉलला नाही म्हणता आले.